थेरपिस्टशी सूर जुळला तेव्हा: तुमचे अनुभव सांगा

थेरपीबद्दल विचारपूस होते ती बहुतेक फीची आणि गोळ्यांची. मला त्या खोलीतल्या नात्याबद्दल ऐकायचंय. कार्ल रॉजर्स या मानसशास्त्रज्ञाने १९५७ सालीच मांडलं होतं की माणूस बदलायला समोरच्याचा विनाअट स्वीकार, खरी समज आणि बिनमुखवट्याचं वागणं लागतं. मुंबईत तुम्हाला असं कोणी भेटलं का? स्वतःचं लिहा, मुलांचं लिहा. थेरपिस्टचं नाव नको.

मुलुंडहून, एक आई
लेक दहावीत. शाळा सुटली, क्लास सुटला, मग बोलणंही सुटलं. मॅडमनी पहिल्याच भेटीत आम्हा दोघांना समोर बसवून सांगितलं, "हा जे बोलेल ते माझ्यापाशी राहील. जिवाला धोका वाटला तरच आईला सांगेन, तेही आधी याला सांगून." मला जड गेलं, खोटं कशाला बोलू. पण त्याने मान वर केली ती तेव्हाच.

त्याला लोकलचं भारी वेड. गाडी सीमेन्स कंपनीची की बॉम्बार्डियरची, हे नुसत्या आवाजावरून ओळखतो. घरी आम्ही त्याला 'नसते उद्योग' म्हणायचो. मॅडमनी ते त्याच्याकडून शिकून घेतलं, आणि पुढच्या खेपेला म्हणाल्या, "आज मी सीमेन्सने आले." त्याने आवाज काढून दाखवायला लावला आणि निकाल दिला, "चूक! बॉम्बार्डियर होती." हे त्यानेच रात्री जेवताना सांगितलं, आपणहून. माझ्या हातातली पोळी तव्यावर टाकायची राहिली. शाळा अजून रोज होत नाही, पण त्याच्या खोलीला आता आतून कडी नसते.

बोरिवली, बँकेत नोकरी
वडील, म्हणजे आमचे अण्णा, गेल्यानंतर थेरपीला जात होतो. एकदा थेरपिस्ट बाई बोलून गेल्या, "आता हळूहळू सावरायला हवं." मी गप्प झालो, वेळ संपेपर्यंत इकडचंतिकडचं बोललो. पुढच्या भेटीत बसल्या बसल्या त्यांनीच विषय काढला, "मागच्या वेळी मी घाई केली. तुम्हाला लागलं ना?" आमच्या घरात मोठ्या माणसाने 'माझं चुकलं' म्हटलेलं मी कधी ऐकलं नव्हतं. त्या दिवशी पहिल्यांदा अण्णांवरचा राग बाहेर आला. दुःखाबद्दल बोलायला गेलो होतो, तो राग आत होता हे मलाच ठाऊक नव्हतं.

विक्रोळी, टी.वाय.ची विद्यार्थिनी
एका खोलीत आम्ही पाचजण, ऑनलाइन बोलायचं कुठे? थेरपिस्ट ताईने स्वतः सुचवलं, "कोणी आलं की 'नोट्स पाठवते' म्हण, मी थांबेन." बाकी सगळं गच्चीवर, पाण्याच्या टाकीमागे.

दादर
माझा पहिला अनुभव थंड. समोरचा माणूस लॅपटॉपवर टाइप करत राहिला. दुसरीकडे गेलो, तिथे जमलं. थेरपिस्ट बदलण्यात काही गैर नाही, हे आधी कोणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

धागा काढणारी
दादर, हे फार महत्त्वाचं लिहिलंत. गोळ्यांचं विचारणाऱ्यांसाठी: त्या मानसोपचारतज्ज्ञ लिहून देतात, समुपदेशक नाही. केईएम, नायर, सायन या पालिका रुग्णालयांत मानसोपचार विभाग आहेत. आणि विक्रोळी, रात्री-बेरात्री गच्चीवर जाता आलं नाही तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर आहे. मोफत, चोवीस तास, मराठीतही. वसई-विरार, पनवेलकडच्यांनीही लिहा.