‘गहू माणसाळवला’ म्हणता येते का?

प्रश्न : ‘शेतीचा शोध लागला, माणसाने गहू माणसाळवला, जात्यावर दळण सुरू झाले आणि माणसाचा फायदा झाला.’ यातले ‘माणसाळवणे’ गव्हाला चालते का?

उत्तर : नाही. माणसाळणे म्हणजे बुजरेपणा जाणे, आणि ते त्या एका जनावरापुरते असते. रानातून धरून आणलेला हत्ती माणसाळतो, म्हणून हत्तीची जात बदलत नाही. गव्हाचा वंशच बदलला. रानगव्हाची ओंबी पिकली की तिचा दांडा पेरापेराशी तुटतो आणि दाणे झडतात. क्वचित एखाद्या रोपाचा दांडा तुटत नाही. रानात हे व्यंगच, कारण बी पसरत नाही. पण पिकलेली ओंबी विळ्याने कापली की झडणारे दाणे मागे राहतात, न झडणारे घरी येतात. बियाणे त्यांतूनच काढले की दरवर्षी त्यांचा वाटा वाढतो. पीक हिरवे असतानाच कापले, किंवा ओंब्या टोपलीत झोडल्या, तर ही निवड होत नाही. म्हणून न झडणारा गहू रुळायला हजाराहून अधिक वर्षे गेली. उत्खननातल्या जळक्या टरफलांच्या बुडाशी हा बदल दिसतो : आपोआप गळल्याचा व्रण गुळगुळीत, मळणीत तुटल्याचा खडबडीत. ‘गहू पेरू लागले’ आणि ‘गहू पेरणीवाचून टिकेनासा झाला’ अशी दोन वाक्ये करा. एका क्रियापदात हे मावत नाही.

पुरवणी : ‘शोध’ हा शब्दही वगळा; शेती एकाएकी सापडली नाही. इस्रायलमधल्या गालिली सरोवराकाठच्या ओहालो येथे सुमारे २३,००० वर्षांपूर्वीच लोक रानगहू आणि रानजव गोळा करून दळत होते.

आणखी एक : ‘जाते’ तर साफ चूक आहे. फिरते जाते हजारो वर्षांनंतरचे. तेव्हा होता पाटा : गुडघे टेकून, पायाची बोटे मागे दुमडून, दगड पुढे-मागे रेटायचा. सिरियातल्या अबू हुरेरा येथील सांगाड्यांत, विशेषतः बायकांच्या, पायाचे अंगठे, गुडघे आणि कंबरेचे मणके झिजलेले आहेत. तिथे ‘जाते’ लिहिले की या झिजेचे कारणच कळत नाही.

प्रश्न : मग ‘माणसाचा फायदा’?

उत्तर : इथे ‘माणूस’ म्हणजे मानवजात की एकेक व्यक्ती, ते लिहा. मानवजातीची संख्या वाढली, हे खरे. व्यक्तीच्या वाट्याला मात्र बऱ्याच ठिकाणी किडके दात आणि खुजी उंची आली. ‘लोकसंख्या वाढली’ असे लिहिले तर वाक्य खरे ठरते.