जॉन टिकटकची शिल्पं त्याची की बाजाराची?

रानवारा:
इनुइट, म्हणजे कॅनडाच्या आर्क्टिक भागातल्या मूळ रहिवाशांच्या, दगडी शिल्पांना ‘प्राचीन परंपरा’ म्हणून डोक्यावर घेणं मला पटत नाही. १९४८ मध्ये जेम्स ह्यूस्टन हा चित्रकार उत्तर क्वेबेकला गेला, १९४९ मध्ये तिथल्या शिल्पांची मॉन्ट्रियलला विक्री झाली, मग काय खपेल हे सांगणारी सचित्र पुस्तिकाही निघाली. इनुइट शिल्पकार जॉन टिकटक (१९१६–१९८१) आर्क्टिकमधल्या रँकिन इन्लेट गावच्या निकेल खाणीत कामाला होता. तिथे पडून जखमी झाला. १९६२ मध्ये खाणच बंद पडली, तेव्हा दगड घडवणं हेच पोटापाण्याचं साधन झालं. याला मी मजुरी म्हणेन.

सुमेधा_क:
पोटासाठी केलं की ती कला उरत नाही, हे कोणी ठरवलं? टिकटकचं एखादं शिल्प नीट बघा. तिकडचा दगड करडा आणि भलताच कठीण, बारीक काम त्यात निभत नाही. त्याने बारकाव्यांचा नादच सोडला. आई आणि पाठीवरचं मूल एकाच गोळ्यात, दंड आणि धडाच्या मध्ये आरपार भोक, डोळ्यांच्या जागी नुसत्या खाचा. चकचकीत पॉलिशही नाही. गिऱ्हाईक अस्वलं नि सील मागत असताना हा मुख्यतः माणसंच घडवत राहिला. असला हट्ट मजुरीत चालतो का?

रानवारा:
ती भोकं ब्रिटिश शिल्पकार हेन्री मूरची आठवण करून देतात, म्हणूनच शहरी संग्राहकांना भावली. पसंती शेवटी त्यांचीच.

उत्तरदिशा:
पसंती त्यांची असेल, हात त्याचे होते. आणि १९४९ पासून सुरुवात धरणं चूकच. एकोणिसाव्या शतकात व्हेलच्या शिकारी जहाजांवर वॉलरसच्या सुळ्यातल्या कोरीव वस्तू विकल्या जातच होत्या. त्याच्याही कितीतरी आधी इनुइटांपूर्वी तिथे राहणाऱ्या डॉर्सेट संस्कृतीच्या लोकांनी सुळ्यातून इवलीशी अस्वलं कोरली, तेव्हा कुठला संग्राहक होता? पैशाबद्दल मात्र रानवारांशी सहमत. १९५० च्या दशकात रँकिन इन्लेटच्या भागात कॅरिबू (रानटी रेनडिअर) मिळेनासे झाले आणि माणसं उपासमारीने मेली. ते विसरून नुसत्या आकारांचं कौतुक करू नये.

सुमेधा_क:
विसरत नाहीच. म्हणून तर १९७० मध्ये मॅनिटोबा विद्यापीठात एकट्या टिकटकचं प्रदर्शन भरलं, हे मला मोठं वाटतं. तोवर असं काम बहुधा ‘एस्किमो (इनुइटांचं जुनं नाव) कला’ म्हणून एका ढिगात मांडलं जाई. १९७३ मध्ये रॉयल कॅनेडियन अकादमीने त्याला सदस्य करून घेतलं.

रानवारा:
प्रदर्शनाचा मुद्दा मान्य, तिथे त्याचं नाव पुढे आलं. पण विद्यापीठ आणि अकादमी दोन्ही दक्षिण कॅनडातलीच. रँकिन इन्लेटमधल्या त्याच्या शेजाऱ्यांना ही शिल्पं कशी वाटत होती, ते कळल्याशिवाय मी मत बदलणार नाही.