प्रतिसाद: आधी स्पिन की स्पायरल ते बघा

वरच्या एका पोस्टमध्ये सुचवलंय की विमान गिरक्या घेत खाली जाऊ लागलं की लगेच स्टिक (नाक वर-खाली करायची दांडी) मागे ओढायची. नको! आधी एअरस्पीडचा (हवेतल्या वेगाचा) काटा बघा. स्पिनमध्ये (पंखांची उचल तुटून विमान गिरक्या घेत पडतं तेव्हा) वेग कमी आणि साधारण स्थिर असतो, स्पायरलमध्ये (उचल शाबूत, पण एका बाजूला कलून वळत खाली जातं तेव्हा) भराभर वाढतो. स्पिन असेल तर पॉवर आयडल (इंजिन अगदी मंद), एलेरॉन (विमान कलवणाऱ्या पंखांवरच्या झडपा) न्यूट्रल म्हणजे मधोमध, गिरकीच्या उलट बाजूचा रडर (शेपटीवरच्या उभ्या सुकाणूचं पेडल) पूर्ण दाबून स्टिक पुढे. फिरणं थांबताच रडर सरळ करून अलगद वर काढायचं. स्पायरलमध्ये पॉवर कमी करून आधी पंख समतल, मगच नाक वर. नुसतं ओढलंत तर वळण आणखी आवळतं. (विमानाच्या मॅन्युअलमध्ये वेगळं दिलं असेल तर तेच खरं.) फायनलकडे (उतरण्याआधी धावपट्टीच्या सरळ रेषेतल्या शेवटच्या टप्प्याकडे) वळताना स्पिन लागला, तर मात्र यातलं काहीही करायला बहुधा उंचीच उरलेली नसते.