नकलचे शिम: ओढ बरोबर आली तरी सेंटर बघाच

फोर-बाय-फोरच्या पुढच्या अ‍ॅक्सलच्या नकलबद्दल (चाक वळवणारा टोकाचा सांधा) एका पोस्टमध्ये म्हटलंय की नवीन बेअरिंग बसवून वरखाली सारखे शिम (धातूच्या पातळ चकत्या) टाकायचे, स्प्रिंग काट्याने नकल ओढून प्रीलोड (बेअरिंगवरचा आवळ) बरोबर आला की झालं. प्रीलोडचं पटलं, पण त्यावरून फक्त बेअरिंग किती आवळलीयेत ते कळतं, नकल मधोमध आहे का ते नाही. जुन्या जीप किंवा लँड क्रूझरच्या ग्रीस भरलेल्या बंद नकलला सेंटर चुकलं की चाकाकडे जाणारा शाफ्ट एका बाजूला दाबून चालतो, स्पिंडलचा (चाक ज्यावर फिरतं त्या पोकळ दांड्याचा) बुश आणि आतलं ऑइल सील एकाच कडेला खातं, मग डिफरन्शियलचं तेल नकलच्या ग्रीसमध्ये उतरतं.

आमच्या कुर्ल्याच्या मेकॅनिककाकांनी दाखवलं ते सांगतो, एकूण जाडी तीच ठेवून वरचा शिम काढून खाली टाकला की नकल वर सरकते, खालचा वर टाकला की खाली, आणि प्रीलोड हलत नाही. घट्ट करायचं तरच एकूण जाडी कमी करायची. आणि काटा लावताना नकलच्या मागचं मोठं वायपर सील (घाण पुसणारं) काढलेलंच हवं, नाहीतर सीलचीच ओढ मोजली जाते. शिम मायक्रोमीटरने मोजूनच घ्या, मायक्रोमीटर मुंबईत नागदेवीला मिळतो.