रि: रि: रि: गणपतीला बंदूकवाला ऑफिसर ठेवायचा का?

प्रेषक: वैशाली (सचिव)

मंडळी, नमस्कार.
चतुर्थी यंदा, २०२४ ला, ७ सप्टेंबरला असली तरी आपला कार्यक्रम १४ ला शनिवारी, नेहमीच्या शाळेच्या हॉलमध्ये. पेनसिल्वेनियात बटलरला ट्रम्पवर गोळीबार झाल्यापासून काही पालकांचे फोन येतायत की यंदा दारावर पोलीस हवा. इथे न्यूजर्सीत टाउनशिपकडून (गावच्या प्रशासनाकडून) ऑफ-ड्युटी पोलीस ऑफिसर तासाच्या हिशोबाने मिळतो, अर्थातच बंदुकीसकट. कमिटीत एकमत होईना म्हणून इथे विचारतेय. हो किंवा नाही एवढंच कळवा, निबंध नकोत.

प्रेषक: सुहास (आता ऑस्टिन)

वैशाली, निबंध नको म्हणालीस तरी थोडं लिहितोच, न्यूजर्सी सोडली पण ही मेलिंग लिस्ट सोडलेली नाही.

एक ऑफिसर ठेवून काय होणार? टेक्सासमध्ये युव्हाल्डीच्या शाळेतल्या गोळीबारात २४ मे २०२२ ला १९ मुलं आणि २ शिक्षिका गेल्या. तिथे जमलेले पोलीस किती, तर ३७६. आणि आत घुसायला लागली ७७ मिनिटं. बाहेर आईबाप गयावया करत होते तर एका आईलाच बेड्या घातल्या. बरं कोर्टात जाल तर तिथे काय? कोलोरॅडोतल्या कॅसल रॉकची केस वाचा, बाईकडे नवऱ्याविरुद्धचा कोर्टाचा आदेश होता, मुलींना घेऊन गेलाय म्हणून ती पोलिसांना पुन्हा पुन्हा फोन करत राहिली, कोणी हललं नाही आणि तिन्ही मुली गेल्या. २००५ ला सुप्रीम कोर्ट म्हणालं की पोलिसांनी आदेश अमलात आणलाच पाहिजे असा तिचा घटनात्मक हक्क नाही. म्हणजे पोलीस बांधील नाहीत आणि मी स्वतः हत्यार बाळगायचं नाही, मग घरच्यांना वाचवायचं कोणी, सत्यनारायणाने?

आणि सरकार कायम आपल्या बाजूचंच असेल हे गृहीत कशाला धरायचं. व्हाइसरॉय लिटनने १८७८ ला आर्म्स ॲक्ट आणला तेव्हा गोऱ्याला सूट आणि नेटिवाला परवाना. खुद्द गांधीजी म्हणालेत की इंग्रजांच्या पापांमध्ये अख्ख्या देशाला नि:शस्त्र करणारा हा कायदा सगळ्यात काळा. १९७५ ला एका रात्रीत लोक उचलले ते मी कॉलेजात असताना पाहिलंय. इथे सेकंड अमेंडमेंट, म्हणजे शस्त्र बाळगायचा घटनात्मक हक्क देणारी दुरुस्ती, १७९१ पासून आहे ती हरणं मारायला नाही. मी टेक्सासला परवाना काढला, क्लास केला, नेमबाजीची परीक्षा दिली, २०२१ पासून परवान्याची गरज नसताना सुद्धा. बोला आता.

प्रेषक: मृणाल

काका, बोलते.

मी सायकियाट्रीत आहे हे बहुतेकांना माहितीये. २०२२ ला या देशात बंदुकीने ४८,२०४ माणसं मेली आणि त्यात २७ हजार आत्महत्या होत्या. निम्म्याहून जास्त! मास शूटिंगची बातमी होते, याची होत नाही. औषधाच्या गोळ्या खाल्लेली बहुतेक माणसं वाचतात आणि माझ्याकडे येतात, बंदूक वापरलेल्या दहांतले नऊ येत नाहीत. आणि जे वाचतात त्यांतले बहुतेक नंतर आत्महत्येने जात नाहीत, म्हणजे ती एक रात्र ढकलली की माणूस राहतो हो. म्हणून मी प्रत्येकाला विचारते, घरात बंदूक आहे का, कुठे असते, काडतुसं वेगळी ठेवता का, किल्ली कोणाकडे. चक्क आपल्या लोकांनासुद्धा. आपले लोक "छे छे, आमच्याकडे कसली" म्हणतात आणि मग मुलगा हळूच सांगतो की बाबांनी कोविडमध्ये घेतली, बेडरूमच्या कपाटात साड्यांच्या मागे आहे. कुलूप? नाही.

आता सरकारी सत्तेचं म्हणाल तर फ्लोरिडाने २०११ ला कायदाच केला की डॉक्टरने पेशंटला बंदुकीबद्दल विनाकारण विचारायचं नाही. कोर्टाने ही बंदी रद्द केली २०१७ मध्ये. सरकारने माझं तोंड बांधलं तेव्हा बंदूक-हक्कवाले कुठे होते? कायदा करून घेणाऱ्यांत होते. विवेक मूर्तींनी बंदुका हा आरोग्याचा प्रश्न आहे असं ट्वीट केलं होतं तर सिनेटमध्ये त्यांची सर्जन जनरल (सरकारचा मुख्य आरोग्य अधिकारी) म्हणून नेमणूक वर्षभर लटकवली. आता जून २०२४ मध्ये सर्जन जनरल म्हणून त्यांनी तेच अधिकृतपणे सांगितलं.

ऑफिसरला माझा हो आहे. बाकी कोणी कमरेला काही लावून आरतीला येणार असेल तर मी मुलांना घेऊन येणार नाही.

प्रेषक: श्रीकांत

कृपया मला या लिस्टवरून काढा.

प्रेषक: नीलिमा

श्रीकांत, लिंक प्रत्येक मेलच्या खाली असते. उकडीच्या मोदकांची ऑर्डर रविवारपर्यंत द्या, तळणीचे यंदा नाहीत.

प्रेषक: अनिकेत

सगळ्यांना नमस्कार, नवीन मेंबर आहे, भांडणात पडत नाही पण एक डाउट. माझ्या टीममधला एक जण शनिवारी शूटिंग रेंजवर चल म्हणतोय, तिथे बंदूक भाड्याने मिळते म्हणे. एच-वन व्हिसावर चालतं का?

प्रेषक: विनायक

अनिकेत, आधी तुझं, कारण बाकीच्यांची भांडणं पुढच्या गणपतीपर्यंत टिकतील. नाही चालत. नॉन-इमिग्रंट व्हिसावर आलेल्याने बंदूक किंवा काडतूस जवळ बाळगणं हाच फेडरल गुन्हा आहे, आणि रेंजवर भाड्याने घेऊन हातात धरली तरी ते बाळगणंच. २०२२ पासून त्याला १५ वर्षांपर्यंत शिक्षा आहे, ग्रीनकार्डचं वाटोळं होईल ते वेगळंच. गंमत अशी की याला एक अपवाद आहे, कुठल्याही राज्याचं चालू हंटिंग लायसन्स. म्हणजे हरणं मारायचा कागद असेल तर चालेल, नसेल तर आत. ग्रीनकार्ड आलं की ही बंदी उठते. तोवर मित्राला सांग बोलिंगला चल.

आता सुहासकाका. गांधीजींचं वाक्य खरं आहे पण ते कुठून आलं तेही सांगा ना. १९१८ ला ते खेड्यात (खेडा जिल्हा हो, खेडं नव्हे) ब्रिटिश सैन्यासाठी भरती करत हिंडत होते त्या पत्रकातलं आहे ते. म्हणणं असं की हा कायदा जावा आणि हत्यार चालवायला शिकावं असं वाटत असेल तर सरकारच्या अडचणीच्या वेळी फौजेत या, मग अविश्वास संपेल. म्हणजे साम्राज्याची नोकरी धरा. सरकारविरुद्ध बंदूक उगारा असं नाही, जवळजवळ उलटच. आणि आणीबाणी गेली ती १९७७ च्या मतपेटीने, कोणाच्या घरातल्या पिस्तुलाने नाही. आता तुम्ही म्हणाल निवडणूक इंदिराबाईंनीच लावली म्हणून झाली, तर तेही खरंय, वाद तिथेच अडतो.

पण काकांचं एक म्हणणं मला उडवून लावता येत नाही, आणि मृणालताई तुझ्या बाजूचे लोक नेमकं तेच उडवतात. माझा कायद्यावर राग नाही, साहेबाच्या मर्जीवर आहे. सिंधुदुर्गात आमच्या चुलत्यांकडे ठासणीची बंदूक आहे, शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर. रानडुक्कर आणि वांदरं येतात त्यांच्यासाठी, बहुतेक नुसता बार काढायला. दर निवडणुकीला आचारसंहिता लागली की ती नेऊन ठाण्यात जमा करायची, पावती घ्यायची, निकाल लागला की आणायची. परत येते तेव्हा नळीला गंज चढलेला असतो आणि एव्हाना काजूच्या बागेत डुकरांनी धुमाकूळ घातलेला असतो. त्याच तालुक्यात ज्याचं जिल्ह्याला वजन आहे त्याला रिव्हॉल्व्हरचा परवाना "जिवाला धोका" म्हणून मिळतो, धोका त्याच्यापासूनच इतरांना असला तरी. नियम दोघांनाही एकच लागू!

इथे न्यूजर्सीत तरी काय वेगळं होतं? २०२२ च्या ब्रुएन निकालापर्यंत (सुप्रीम कोर्टाने ही अट काढली तो) कॅरी परमिटला, म्हणजे बंदूक जवळ घेऊन फिरायच्या परवान्याला, "सबळ कारण" दाखवायचं, आधी पोलीस चीफकडे मग जजकडे. रात्री उशिरा गल्ला मोजून एकटा घरी जाणारा आपला दुकानदार हे सबळ कारण धरलं जात नव्हतं, सगळेच रात्री घरी जातात म्हणायचे. निवृत्त पोलिसाला मिळायचं. न्यूयॉर्कचा असाच कायदा १९११ चा. पेनसिल्वेनियाने तर १९०९ ला कायदा केला की नागरिक नसलेल्या परदेशी माणसाने शॉटगन-रायफल ठेवायचीच नाही, आणि १९१४ ला सुप्रीम कोर्टाने तो उचलून धरला. कॅलिफोर्नियात १९६७ ला भरलेली बंदूक उघड घेऊन फिरायला बंदी आली ती ब्लॅक पँथर्स ही कृष्णवर्णीयांची संघटना बंदुका घेऊन पोलिसांच्या मागे फिरायला लागल्यावर, आणि त्यावर सही कोणाची तर गव्हर्नर रेगनची. मर्जीवर चालणारा बंदूक कायदा कोणावर चालतो हे आपल्यासारख्या बाहेरून आलेल्यांनी तरी विचारायला हवं की नको?

म्हणून माझं म्हणणं, नियम हवेच, पण सगळ्यांना सारखे आणि कागदावर वाचता येतील असे. बोटांचे ठसे घ्या, पार्श्वभूमी तपासा, ट्रेनिंग सक्तीचं करा, सेफ मागा, मला काही हरकत नाही. ब्रुएननंतर न्यूजर्सीत परमिटची फी २०० डॉलर आणि चार जामीन, म्हणजे ओळख देणारे, हे आलं. फी जास्त वाटते पण निदान लिहिलेली तरी आहे. आणि काका, ज्या कोर्टाने ब्रुएन दिला त्यानेच जून २०२४ मध्ये रहिमीच्या केसमध्ये ८ विरुद्ध १ ने सांगितलं की जोडीदाराला धोका आहे असं कोर्टाने ठरवलेल्या माणसाची बंदूक काढून घेता येते. तुमच्या कॅसल रॉकच्या बाईच्या नवऱ्यावरही असाच कोर्टाचा आदेश होता ना?

राहता राहिली शाळा. लेखी परवानगीशिवाय शाळेच्या आवारात बंदूक आणणं न्यूजर्सीत गुन्हाच आहे, परमिट असलं तरी, त्यामुळे आरतीला कोण काय लावून येईल हा ठराव करायची आपल्याला गरजच नाही.

प्रेषक: सुहास

विनायक, बरंच लिहिलंस, निम्मं पटलं. टेक्सासमध्येही शाळेत चालत नाही, आणि खाजगी जागेत नको असेल तर मालकाने कलम ३०.०६ (लपवलेली बंदूक) आणि ३०.०७ (उघडी बंदूक) चे मनाईचे बोर्ड लावायचे, इंग्लिश आणि स्पॅनिश दोन्हीत, अक्षरं इंचभर उंच. इथल्या रेस्टॉरंटांच्या दारावर बघशील. बोर्ड दिसला की मी मुकाट्याने गाडीतल्या सेफमध्ये ठेवून आत जातो. त्यामुळे "कमरेला लावून आरतीला" हा टोमणा मला नको.

पण "कागदावर वाचता येईल असा नियम" म्हणतोस तर बंप स्टॉकचं काय, रायफलला लावला की गोळ्या मशिनगनसारख्या सुटतात तो जोड? एटीएफ (बंदुकांवर देखरेख करणारं फेडरल खातं) वर्षानुवर्षं कळवत होतं की ती वस्तू कायदेशीर आहे. २०१७ ला लास व्हेगासला ६० माणसं गेली, लोक भडकले, आणि ट्रम्पच्याच काळात त्याच एटीएफने ठरवलं की नाही, ही मशिनगन. काँग्रेसमध्ये (इथल्या संसदेत) मतदान नाही काही नाही, मोडून टाका किंवा जमा करा, नाहीतर १० वर्षं तुरुंग. कागद तोच, शब्द तेच, अर्थ बदलला. सुप्रीम कोर्टाने ६ विरुद्ध ३ ने ते फिरवलं तेही जून २०२४ मध्येच. वस्तू वाईट आहे, मला नको आहे, पण बंदी हवी तर काँग्रेसने मत द्यावं आणि मतदारांना तोंड दाखवावं. म्हणूनच आमचा बंदूकमालकांच्या राष्ट्रीय यादीला विरोध आहे. आज यादी करणारा चांगला असेल, उद्याचा?

आणि न्यूजर्सीचा तो रेड फ्लॅग कायदा, धोका वाटणाऱ्या माणसाची बंदूक कोर्टाच्या आदेशाने काढून घ्यायचा. आधी बंदूक उचलून नेतात आणि सुनावणी मागाहून. हे चालतं का तुझ्या नियमात?

प्रेषक: विनायक

बंप स्टॉकचं मान्य, ते काम काँग्रेसचंच होतं. यादीचं मात्र भूत करून ठेवलंय हो. १९८६ च्या कायद्याने फेडरल यादी करायला आधीच बंदी आहे. गुन्ह्यात सापडलेली बंदूक कोणाची हे शोधायला वेस्ट व्हर्जिनियात मार्टिन्सबर्गला एटीएफचं ऑफिस आहे, तिथे बंद पडलेल्या दुकानांची कागदपत्रं खोकी भरभरून येतात, ती स्कॅन करतात, पण नावाने शोधता येणार नाही अशीच सिस्टीम मुद्दाम ठेवलीये. २०२४ मध्ये! आपल्या तलाठ्याचा सातबारा सुद्धा ऑनलाइन झाला. सरकारच्या भीतीपायी खुनाचा तपास इतका आंधळा ठेवायचा हे मला नाही पटत. रेड फ्लॅगवर मृणालताईने बोलावं, तिने ते जवळून पाहिलंय.

प्रेषक: मृणाल

हो पाहिलंय. काका, आदेश जज देतो, साहेबाच्या मर्जीने नाही, आणि न्यूजर्सीत दहा दिवसांत सुनावणी असते, तिथे तो माणूस वकील घेऊन येऊ शकतो. आधी नोटीस पाठवून मग बंदूक घ्यायची म्हटलं तर माझ्या पेशंटला ती नोटीस वाचायला जेवढा वेळ लागेल तेवढाच वेळ पुरतो. फ्लोरिडानेही पार्कलंडच्या शाळेतल्या गोळीबारानंतर २०१८ मध्ये हाच कायदा केला, आणि सही रिपब्लिकन गव्हर्नरची होती. तरी तुमचा मुद्दा खोटा नाही, घटस्फोटाच्या भांडणात कोणी खोटा अर्ज करू शकतो. त्यावर उपाय खोटा अर्ज करणाऱ्याला शिक्षा हा आहे, कायदा काढून टाकणं हा नाही.

आणि खरं सांगू का, बहुतेक वेळा कोर्टापर्यंत जावंच लागत नाही. मी घरच्यांना म्हणते चार-सहा आठवडे ती वस्तू घराबाहेर राहू दे. पण न्यूजर्सीत शेजाऱ्याकडे नुसती ठेवायला देता येत नाही, हस्तांतराचा कागद लागतो, म्हणून काही जण दुकानदाराकडे ठेवतात नाहीतर पोलिसांकडे, आणि पोलिसांकडे द्यायला आपले लोक घाबरतात, परत मिळेल का, नाव लागेल का. इथे मात्र तुमची भीती आणि माझं काम एकमेकांच्या आड येतात, ते कसं सोडवायचं ते सांगा.

तुम्ही गाडीत ठेवता तो सेफ कुठल्या कंपनीचा आहे हो? एका पेशंटच्या वडिलांना हवाय, सोळा वर्षांच्या मुलाला उघडता येणार नाही असा. वेगळा मेल करा, लिस्टवर नको.