मदत हवी आहे: मे महिन्यातही न आटणाऱ्या तळ्यातला गाळ सक्शन ड्रेजरने काढावा का?

नमस्कार मंडळी,

आमच्या गावात (रत्नागिरी जिल्हा) देवळासमोर दोन एकरांचं तळं आहे. तीन बाजूंना जांभ्याचे चिरे, चौथीकडे सांडवा. मध्यभागी पुरुषभर पाणी असायचं असं आजोबा सांगायचे. आता म्हशी मधोमध उभ्या राहिल्या तरी पाठी दिसतात.

अडचण अशी की आत झरे आहेत, तळं आटत नाही, त्यामुळे पोकलेन उतरत नाही. सरकारच्या 'गाळमुक्त धरण' योजनेसारखा सुका गाळ उचलायचा मार्ग आम्हाला बंद. तीन वर्षांपूर्वी पंप लावून आटवायला गेलो. मासे मेले, खालच्या वाडीतल्या विहिरी तळाला गेल्या आणि पाणी पुन्हा भरलं ते भरलंच. तेव्हा बायकांनी बैठकीत जे सुनावलं ते इथे लिहीत नाही.

आता मुंबईकर मंडळी वर्गणी काढायला तयार आहेत. एक ठेकेदार तराफ्यावरचा सक्शन ड्रेजर, म्हणजे पाण्याखालचा गाळ पंपाने ओढून पाइपातून बाहेर टाकणारं यंत्र, आणतो म्हणतो. दर पंपाच्या तासावर. गाळ कुठे टाकणार विचारलं तर "बाजूच्या मळ्यात सोडू की!" मळा कोणाचा, ते त्याने विचारलंही नाही.

तासावर दर घेणं बरोबर आहे का? गाळ किती आहे हे आपलं आपण कसं मोजायचं?

---

पाणथळ: तासावर अजिबात देऊ नका. पंप नुसतं पाणी ओढत राहिला तरी मीटर चालूच. दर काढलेल्या गाळाच्या घनमीटरवर ठरवा, आणि आधी-नंतरची मोजणी गावाने करायची.

मोजायला दोन बांबू पुरतात. एकाच्या बुडाला भोकं पाडलेली पत्र्याची ताटली ठोका, ती गाळावर टेकते. दुसरा टोकदार, कडक लागेपर्यंत दाबा. दोघांतला फरक म्हणजे गाळ. दोर बांधून दर दहा मीटरवर वाचन घ्या.

खरी डोकेदुखी पुढे आहे. सक्शनने गाळ पाण्यात कालवून येतो, त्यात वजनाने १०-१५ टक्केच घन माल. सरासरी ६० सेंमी गाळ धरला तर तुमच्याकडे साधारण ४,८५० घनमीटर, म्हणजे १,७०० ब्रास. पाइपातून बाहेर पडताना तो सहज तिप्पट होतो. मळ्यात सोडलात तर एका दिवसात शेजाऱ्याच्या अंगणात. बांध घालून निवळण्याचे दोन खड्डे करा, दुसऱ्यातलं निवळ पाणी तळ्यात परत घ्या. जागा कमी असेल तर जिओ-ट्यूब (गाळ आत धरून पाणी झिरपू देणारी मोठी कापडी पिशवी), पण ती महाग पडते.

---

जांभेकरी: तळ खरवडू देऊ नका! जांभा सच्छिद्र असतो, वर बसलेला बारीक गाळच पाणी धरून ठेवतो. वीतभर राहू द्या. ड्रेजरचा गाळ कापणारा कटर खोल गेला आणि तळं गळायला लागलं तर दाद कोणाकडे मागणार? गणपती विसर्जन होतं का तिथे? प्लास्टरचे गठ्ठे, दोऱ्या, कापडं पंपात अडकतात. ती आधी हाताने काढा. रंगवलेल्या मूर्ती असतील तर गाळ शेतात टाकण्याआधी शिशासाठी तपासून घ्या.

---

धागाकर्ता: दोघांचे आभार. रविवारी पोरांना घेऊन होडीतून मोजलं. सांडव्याकडे ३० सेंमी, पण देवळाच्या पायऱ्यांपाशी बांबू सव्वा मीटर गेला! विसर्जन तिथेच होतं, आणि वरच्या रस्त्याची मातीही पावसात तिथूनच उतरते. म्हणजे अख्ख्या तळ्यात ड्रेजर फिरवायची गरजच नसावी.

ठेकेदाराला घनमीटरचा दर मागितला, तर "असं कोणी देत नाही" म्हणतो. कोकणात कुणी अशा दराने काम करून घेतलंय का? करारात मोजणीची अट कशी लिहिली होती, तेवढं कळलं तर शिमग्याच्या बैठकीत मांडता येईल.