परदेशी गेलेल्यांच्या आजारांचा अभ्यास ताटापासून सुरू करावा की नाही?

देवयानी_ठाणे:
१९६०च्या दशकात जपानी वंशाच्या पुरुषांवर एक मोठा अभ्यास सुरू झाला. काही जण हिरोशिमा-नागासाकीचे, काही होनोलुलूचे, काही सॅन फ्रान्सिस्को परिसरातले. हृदयविकार जपानात सर्वांत कमी, हवाईत जास्त, कॅलिफोर्नियात सर्वाधिक. रक्तातलं कोलेस्टेरॉलही जपानपेक्षा अमेरिकेत चढलेलं. एक-दोन पिढ्यांत अनुवंश बदलत नाही, ताट बदलतं. म्हणून स्थलांतरितांच्या तब्येतीचा अभ्यास स्वयंपाकघरातूनच सुरू व्हावा, असं माझं ठाम मत आहे.

सातारकर:
असहमत. कॅलिफोर्नियातल्या याच जपान्यांवर मार्मट आणि साइम या संशोधकांचा १९७६चा निबंध आहे. जपानी वळण आणि गोतावळा टिकवलेल्यांत हृदयविकार जपानइतकाच कमी निघाला. पूर्ण अमेरिकी वळणावर गेलेल्यांत तो तीन ते पाच पट होता. धूम्रपान, रक्तदाब, कोलेस्टेरॉल हिशेबात धरूनही हा फरक उलगडला नाही. रात्रपाळी, एकटेपण, घरभाड्याची चिंता आहाराच्या तक्त्यात कुठल्या रकान्यात भरणार? नुसतं ताट पाहिलं की सगळं खापर रांधणाऱ्या बाईवर फुटतं. हे मला अन्यायाचं वाटतं.

देवयानी_ठाणे:
खापराचं पटलं. पण मग ताटाची नोंदच घ्यायची नाही का? नीट घ्यायला हवी. बांगलादेशाकडच्या सिल्हेटी घरातला मासे-भात आणि गुजराती घरातली कढी-खिचडी ‘दक्षिण आशियाई’ या एकाच रकान्यात कोंबली तर काय हाती लागणार? अमेरिकेतल्या दक्षिण आशियाई लोकांवर २०१०मध्ये सुरू झालेल्या ‘मसाला’ नावाच्या अभ्यासात आपल्याकडच्या पदार्थांची वेगळी प्रश्नावली वापरली. त्यातून तळलेलं, गोडधोड आणि साईचं दूध-दही जास्त खाणारे वेगळे दिसले, भाज्या-डाळींवर भर असणारे वेगळे.

लंडनस्थ_नगरकर:
तुम्ही दोघंही माणूस विमानात बसल्यानंतरचं बोलताय. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. याज्ञिकांच्या गटाने पुण्याजवळच्या खेड्यांतली आणि इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची नवजात बाळं ताडून पाहिली. आपली सरासरी २.७ किलोची, तिकडची ३.५. तरी आपल्या बाळांच्या अंगात स्नायू कमी आणि वजनाच्या मानाने चरबी टिकलेली. मधुमेहाची वाट या घडणीतून आईच्या पोटातच सुरू होत असेल, तर इथे लंडनच्या साउथॉलमधल्या पन्नाशीच्या माणसाला ‘काल काय खाल्लंत?’ विचारून किती कळणार?

सातारकर:
आणि ती आई गरोदरपणी शेतात किती राबत होती, हे कोण विचारणार?

देवयानी_ठाणे:
विचारायलाच हवं. पण आईचं अर्धपोटी राहणं हाही आहाराचाच प्रश्न आहे, सातारकर. त्यासाठी माणूस जिथे पोचला तिथल्यासोबत तो जिथून निघाला त्या गावातही संशोधकांनी जायला हवं. त्याचा खर्च ब्रिटन-अमेरिकेच्या आरोग्य खात्यांनी उचलावा, कारण या माणसांच्या कष्टांवर त्यांच्या गिरण्या चालल्या आणि इस्पितळं आजही चालतात.